डागांची कैफियत

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळून, म्हणजे खांदेमळणी करून, शेतकरी एका अर्थी त्या मुक्या प्राण्याची क्षमाच मागत असतो. परंतु तो घट्टा काही लोण्याने जात नाही, तो बैलाबरोबर म्हातारा होतो, आणि बैल गोठ्यात मेल्यावर त्याच्या कातड्यावर, चुन्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यातून पार पडूनही, तळहाताएवढ्या एका कठीण, निस्तेज चकत्याच्या रूपाने शिल्लक राहतो. पुढे केव्हातरी ते कातडे बाजारात येते, गिऱ्हाईक ते उलगडते, त्या चकत्यावर बोट ठेवते आणि म्हणते, "इथं डाग आहे, भाव कमी करा." भाव कमी होतोही, आणि व्यवहार म्हणून त्यात काही गैर नाही. पण त्याच गिऱ्हाइकाला शेजारच्या गुंडाळीतले, आरशासारखे गुळगुळीत, एकही रेघ नसलेले कातडे चढ्या भावाने घेऊन समाधानाने घरी जाताना मी पाहिले आहे. एकदा तर ते गिऱ्हाईक मी स्वतःच होतो.

अलीकडे पुण्या-मुंबईकडची पुष्कळ सुशिक्षित मंडळी हौसेने चामड्याची पाकिटे, कमरपट्टे, वह्यांची वेष्टने स्वतः शिवू लागली आहेत, ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय. रापी धरावी कशी, आरीने भोके समान अंतरावर पाडावीत कशी, मेणवलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून टाका दोन्हीकडून कसा घट्ट आवळावा, हे सारे पाच-सहा महिन्यांत हाताला वळण पडून साधते. साधत नाही ती मालाची पारख. सागवान घेताना गाठ कुठे आहे, लाकूड वाळलेले आहे की ओले, हे सुतार नसलेल्या माणसालाही थोडेफार समजते; कातड्याबाबत मात्र आपण अगदीच निरक्षर असतो, आणि याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. ज्या ढोर आणि चर्मकार समाजांजवळ ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या साठत गेली, त्यांच्या वस्तीकडे मोट, पखाल, वाधी आणि वहाणा हक्काने मागण्यापलीकडे उरलेल्या गावाने ढुंकून पाहिले नाही. बलुत्यांच्या जाबत्यात त्यांच्या वाट्याची नोंद झाली, त्यांच्या विद्येची नोंद करून घेण्याची गरज कोणाला वाटली नाही.

तेव्हा प्रथम कातडे म्हणजे काय, तेच पाहू. कापड मागाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे विणलेले असते. कातडे तसे नसते. त्यातले तंतू नमद्यातल्या लोकरीप्रमाणे एकमेकांत सर्व दिशांनी गुंतलेले असतात, आणि हे गुंतणे शरीराच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे असते. केस ज्यातून उगवतात तो वरचा पातळ थर अतिसूक्ष्म तंतूंचा, घट्ट आणि रेखीव असतो. बाजारात त्याला ‘ग्रेन’ म्हणतात, आणि जो हा थर अबाधित ठेवून विकला जातो त्या मालाला ‘फुल ग्रेन’. त्याखालचा जाड तंतूंचा थर कातड्याला बळ देतो. पाठ आणि पुठ्ठा यांवरचे तंतू दाट असतात, मानेच्या भागात वळ्या पडलेल्या असतात, आणि पोटाचे कातडे सैल असते, कारण चारा खाऊन तट्ट फुगणे आणि पुन्हा ओसरणे हा त्या भागाचा जन्मभराचा शिरस्ता असतो. म्हणून पोटाच्या भागातून कापलेला कमरपट्टा, त्यावर नावालाही डाग नसला तरी, काही महिन्यांत दोन भोकांनी लांब होतो. आणि पाठीच्या कण्याला समांतर कापलेला पट्टा, त्यावर दोन-चार ओरखडे असले तरी, वर्षानुवर्षे आपली लांबी सोडत नाही. कातडे घेताना ते जनावराच्या कोणत्या भागाचे, हा प्रश्न डागाच्या प्रश्नाच्या आधी यायला हवा, आणि नेमका तोच बहुतेकांच्या तोंडून निघत नाही.

डागांचे मी दोन वर्ग करतो. जनावर जिवंत असताना त्याच्या अंगावर उमटलेले डाग हा पहिला, आणि ते मेल्यानंतर माणसाच्या हातून कातड्याला लागलेले डाग हा दुसरा. पहिल्या वर्गातील जखम शरीराने स्वतः भरून काढलेली असते. बाभळीच्या कुंपणातून घुसताना पाठीवर उमटलेले लांब ओरखडे, पराणीच्या आरेचे टोचे, दुसऱ्या जनावराच्या शिंगाचा निसटता घाव, गोचिडांनी मागे ठेवलेले टाचणीच्या टोकाएवढे खळगे, हे सारे या वर्गात येतात. यांवरून नख फिरवावे आणि कातडे तिथे वाकवून पाहावे: जुनी, भरलेली जखम मिटलेली राहते आणि तिची कड गुळगुळीत लागते, मरणाच्या थोडे आधी झालेली जखम भरायला अवधीच न मिळाल्याने वाकवताच तोंड उघडते. भरलेल्या ओरखड्याने पाकिटाच्या वा पिशवीच्या आयुष्यात सहसा एका दिवसाचीही घट होत नाही. (गंमत अशी, की जी बाभूळ जिवंतपणी जनावराला ओरबाडते तिच्याच सालीत मेल्यावर त्याचे कातडे कमावले जाते, ओरखडा आणि कातड्याचा तांबूस रंग, दोन्ही एकाच झाडाची देणगी.)

तथापि जिवंतपणीचा प्रत्येक डाग निरुपद्रवी असतो, असे समजण्याचे कारण नाही. दुखण्यावर उपाय म्हणून जनावराला तापल्या लोखंडाने डागण्याची जी वहिवाट खेड्यापाड्यांत होती, तिने कातडे खोलवर जळते. तो भाग कमावल्यावरही पुठ्ठ्यासारखा ताठ राहतो आणि दुमडला की तडकतो, तेव्हा तो कापून टाकणेच श्रेयस्कर. २०२२ साली महाराष्ट्रातल्या गुरांत लंपी रोगाची जी साथ पसरली, तिच्या गाठीही कातड्यात खोल गेलेल्या असतात आणि मागे वाटोळे, कठीण व्रण किंवा चक्क भोके ठेवतात. गोचिडांचे खळगेदेखील कधीकधी आरपार जातात. अशी शंका आली की कातडे उजेडासमोर ताणून धरावे. सुईच्या अग्राएवढे छिद्रही ताऱ्यासारखे चमकते. मोटेच्या कातड्यात असे छिद्र म्हणजे विहिरीतले पाणी विहिरीतच परत. वहीच्या वेष्टनाला त्याने काही होत नाही. डागाची किंमत ज्या त्या वस्तूवरून ठरते.

दुसऱ्या वर्गातले डाग मला खरे अपराधी वाटतात, आणि दुर्दैवाने ते दिसतात कमी. आपल्या उष्ण हवेत जनावर मेल्यावर थोड्याच तासांत कातडे कुजू लागते. ते वेळेवर सोलून मीठ चोळले नाही, तर केस मुळासकट सुटू लागतात, वरच्या थराचा तजेला जागोजाग मावळतो आणि कमावल्यानंतर तिथे निस्तेज, टोचल्यासारखी जागा दिसते. मिठात ठेवलेल्या कातड्यावरही कधीकधी तांबडी झाक चढते. ती अतिखारट जागीच वाढणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंची करणी असते आणि कातडे नीट राखले गेले नाही याची खूण समजावी. मेलेले जनावर गोठ्यापासून गावाबाहेर दोरीने फरफटत नेले, तर एका बाजूचा वरचा थर वाटेवरच खरवडून निघतो. वर्ध्याजवळ नालवाडीला गांधीजींच्या सहकाऱ्यांनी १९३० नंतरच्या दशकात जे चर्मालय चालवले, त्यामागे मेलेल्या गुरांचे कातडे हे वाया जाणारे ग्रामीण धन आहे आणि ते वाया जाते ते आपल्या हेळसांडीने, ही जाणीव होती. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईप्रमाणेच बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी असल्याने हा विषय जुना झालेला नाही. इथल्या गाई-बैलांचे कातडे आता मेलेल्या जनावराचेच असावे लागते, उरलेला माल म्हशीचा, शेळ्या-मेंढ्यांचा किंवा परप्रांतातला. मेलेल्या जनावराचे रक्त पुरते वाहून गेलेले नसते, म्हणून त्याच्या कातड्यावर शिरांचे जाळे झाडाच्या फांद्यांसारखे उठून दिसते. ते पाहून दचकू नये.

दचकावे ते सुरीच्या घावाला. कातडे सोलताना सुरी कातड्याच्या आतल्या बाजूला लागली, की तिथे अर्धी जाडी कापली जाते आणि वरून त्याचा काही म्हणजे काही पत्ता लागत नाही. पट्टा होतो, बक्कल बसते, माणूस तो मिरवतो, आणि एके दिवशी जिना चढता चढता तो त्या जागी तुटतो. यावर उपाय एकच. कातडे उलटे पसरावे, डोळे मिटून आतल्या बाजूवरून सबंध तळहात सावकाश फिरवावा, आणि जिथे हात अडखळेल तिथे कातडे आतली बाजू बाहेर येईल असे दुमडावे. घाव असेल तर तो ओठ उघडावेत तसा उघडतो. वरवर गेला असेल तर चिंता नाही, निम्म्यापर्यंत गेला असेल तर तेवढा भाग हिशेबातून वगळावा. डोळ्यांपेक्षा हात अधिक प्रामाणिक असतो, असा या बाबतीतला माझा अनुभव आहे.

कमावण्याच्या पद्धतीविषयी थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण काही दोष तिथे जन्माला येतात. झाडांच्या सालीत आणि फळांत जे तुरट द्रव्य असते, ज्याला रसायनशास्त्रात टॅनिन म्हणतात, ते कातड्यात मुरवणे ही आपली पूर्वापार रीत. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावले जाते. त्या भागात कातड्याचीच पिशवी शिवून, तीत हा काढा भरून ती टांगून ठेवतात, आणि काढा हळूहळू कातड्यातून झिरपत बाहेर येता येता आपले काम करतो. (या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, असे आठ जिल्हे त्यात आहेत.) दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. ऑगस्टस शुल्ट्‌झने १८८४ साली आणि मार्टिन डेनिसने १८९३ साली अमेरिकेत तिची एकस्वे घेतली, आणि आज जगातले बहुतांश कातडे याच रीतीने, आठवड्यांऐवजी दिवसांत, कमावले जाते. क्रोमचे कातडे मऊ आणि पाण्याला टिकाऊ. सालीचे कातडे भरीव, ठसा घेणारे आणि वापराने गडद होत जाणारे. कोणते आहे हे ओळखायचे तर कापलेली कड पाहावी: सालीचे आतपर्यंत तांबूस तपकिरी असते, क्रोमच्या गाभ्यात बहुधा निळसर राखाडी छटा असते. कपटा मिळाला तर तो उकळत्या पाण्यात टाकावा. सालीचा आक्रसून वेटोळा होतो, क्रोमचा बव्हंशी जसाच्या तसा राहतो. सालीच्या जाड कातड्याच्या कडेला मधोमध फिकट, कच्ची रेघ दिसली, तर काढा गाभ्यापर्यंत पोचलेलाच नाही असे समजावे. असे कातडे पुढे कडक होऊन तडकते, आणि तोपर्यंत पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात गेलेले असतात.

आता त्या निष्कलंक कातड्याकडे वळतो. काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका दुकानातून मी दप्तरासाठी काळे कातडे घेतले. दुकानदाराने दोन गुंडाळ्या पुढे ठेवल्या होत्या: एकीवर मानेच्या वळ्या आणि दोन-तीन ओरखडे, दुसरी विहिरीतल्या स्थिर पाण्यासारखी नितळ. मी दुसरी घेतली, आणि आपल्याला पारख आहे अशा आविर्भावात घेतली. दोन पावसाळे झाले, आणि दप्तराच्या झाकणाच्या घडीवरून तो काळेपणा खपल्यांनी सुटू लागला. खालून निघाला तो फिकट, केसाळ, चिंधीसारखा थर. चूक माझीच होती, कारण कड पाहण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. पाहिली असती, तर वर कागदाएवढा एक चकचकीत लेप आणि खाली नुसते मोकळे तंतू, हे तिथेच दिसले असते. जाड कातडे यंत्राने आडवे चिरले की वरचा ग्रेनचा थर वेगळा निघतो आणि खालचा, ज्याला ‘स्प्लिट’ म्हणतात, तो स्वस्तात उरतो. त्यावर प्लॅस्टिकचा लेप देऊन तापल्या पत्र्याने कृत्रिम छिद्रे उठवली, की तो पहिल्या प्रतीसारखा दिसतो. याहून एक पायरी वर ‘करेक्टेड ग्रेन’: डागाळलेल्या कातड्याचा वरचा थर घासून काढायचा, रंगाचा दाट थर चढवायचा आणि साचा दाबायचा. याहून एक पायरी खाली कातड्याच्या भुशाचा लगदा, जो चिकटद्रव्याने कापडावर थापलेला असतो. पिशवीच्या आत ‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का असेल, तर त्यातून आत कातडे आहे एवढेच समजते. कोणत्या थराचे, हे समजत नाही.

मी करेक्टेड ग्रेनचा शत्रू नव्हे. शाळेच्या बुटाला, चिखलात जाणाऱ्या जोड्याला ते योग्यच आहे, आणि विकणाऱ्याने नाव सांगून विकले तर त्यात फसवणूक नाही. तक्रार आहे ती आपल्या नजरेची, जी डाग नसणे म्हणजेच दर्जा असे मानून बसली आहे. ज्या जनावराने दहा-बारा वर्षे रानात, गोठ्यात, कुंपणांतून आणि गोचिडांतून आयुष्य काढले, त्याच्या अंगावर एकही खूण नसावी, ही गोष्टच मुळी संशयास्पद आहे. खऱ्या ग्रेनवरची छिद्रे दाट-विरळ, लहान-मोठी, जागा बदलताना दिशा बदलणारी असतात. साच्याची छिद्रे वाळूच्या कागदासारखी सर्वत्र सारखी, आणि बारकाईने पाहिले तर ठरावीक अंतराने तीच नक्षी पुन्हा येते. खरे कातडे बोटावर दुमडले तर बारीक, केसासारख्या सुरकुत्या पडतात आणि सोडताच बहुतेक विरतात. याच परीक्षेत आणखी एक दोष उघडा पडतो: कातडे वरची बाजू आत येईल असे दुमडल्यावर जर जाड, फुगीर घड्या उठल्या, तर वरचा थर खालच्यापासून सुटत चालला आहे असे जाणावे. तो सैलपणा कोणत्याही तेलाने वा मेणाने दुरुस्त होत नाही.

खरेदीचा हिशेब पाहू. कातडे चौरस फुटावर विकतात आणि त्याच्या आतल्या बाजूला मापाचा आकडा लिहिलेला असतो. मोठ्या आकड्याच्या खांद्यावर १, २ वा ३ असा लहान आकडा दिसला, तर तो पाव फुटांचा असतो. या मापात पायांच्या चिंचोळ्या पट्ट्या, पोटाची कड, भोके, सारे धरलेले असते. धारावीत चेन्नई, कानपूर आणि कोलकात्याकडून येणाऱ्या मालावर प्रतवारीचे शिक्के असतात, परंतु ही प्रतवारी ज्याची त्याची असते. एकाच्या कारखान्यातली पहिली प्रत दुसऱ्याकडची दुसरी ठरू शकते. म्हणून मी प्रतीकडे पाहत नाही, उपयोगी क्षेत्राकडे पाहतो. हिशेबापुरते समजा, २० फुटांचे एक कातडे फुटाला १०० रुपयांनी मिळते आणि त्यातले ६ फूट डागांमुळे वाया जातात. दुसरे तेवढेच कातडे १३० रुपयांनी मिळते आणि त्यातले २ फूट वाया जातात. पहिल्याचा खरा भाव फुटाला १४३ रुपये पडतो, दुसऱ्याचा १४४. स्वस्त आणि महाग हा भेद इथे एका रुपयावर येतो. त्यातही तुम्ही लहान पाकिटे करणार असाल, तर डागांच्या अधल्यामधल्या जागा उपयोगी पडून पहिले कातडे फायद्याचे ठरेल. दप्तराचे एकसंध झाकण कापायचे असेल, तर दुसरेच घ्यावे लागेल. यासाठी वस्तूच्या भागांचे पुठ्ठ्याचे नमुने कापून ते दुकानात बरोबर न्यावेत आणि कातड्यावर मांडून पाहावेत. दुकानदार हसेल, हसू द्यावे.

घरी आणल्यावर डाग टाळायचे, लपवायचे की मिरवायचे, हा ज्याच्या त्याच्या रुचीचा प्रश्न. ओरखडे खिशाच्या आतल्या भागावर जातात, शिरांचे जाळे अस्तराखाली जाते, आणि मानेच्या वळ्या मी मुद्दाम झाकणावर घेतो, कारण तशी नक्षी कोणत्याही ठशाने उठवता येत नाही. रंग देण्याचा बेत असेल, तर आधी ओल्या स्पंजाने वरची बाजू हलकेच पुसावी. कोरडेपणी न दिसलेले ओरखडे पाण्याने गडद होऊन वर येतात. व्रणाची जागा रंग कमी-अधिक पिते, तेव्हा गडद रंगाने डाग झाकला जाईल ही समजूत पुष्कळदा उलटते.

शेवटी आपल्या पावसाळ्याचे दोन डाग, जे डागच नव्हेत. कातड्यावर पांढरी भुकटी आली की कोकणातला मनुष्य बुरशी आली म्हणून हळहळतो. पण ती जागा केस वाळवण्याच्या यंत्राने किंचित तापवावी: भुकटी वितळून नाहीशी झाली तर ती कातड्यातलीच चरबी वर आलेली होती, राहिली तर बुरशी. आणि सालीच्या ओलसर कातड्यावर लोखंडाचा कीस वा गंजकी पट्टी पडून उमटणारा निळा-काळा डाग म्हणजे दुसरेतिसरे काही नसून, आपले आजे-पणजे हिरडा आणि हिराकस एकत्र करून जो काळा रंग बनवीत, तोच आहे. लिंबाचा रस चोळला की तो बहुधा फिका पडतो.

तेव्हा पुढच्या खेपेला दुकानदाराने सवयीप्रमाणे चकाकती बाजू वर ठेवून कातडे उलगडले, की भाव विचारण्यापूर्वी त्याला ते उलटे करायला सांगा.